न दिलेला होकार

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आपा लिहितेय. पाकीट उघडण्यापुरतं फाड, फेकून द्यायला फाडू नकोस. फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, पण टपाल बंद करायची सोय अजून निघालेली नाही. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तू लेकीला स्वेटर पाठवलास ना, त्या पार्सलवरून उतरवून घेतला. स्वेटर तिला चार बोटं तोकडा झाला. तू परदेशी गेल्यापासूनच्या बारा वर्षांत मुली वाढतात, हे दिवसभर जहाजांचं वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या लक्षात राहत नसावं. बाह्यांना मी पट्टी जोडून दिली.

म्हणजे भिंगरी माझ्याकडे येते, हे आता तुला कळलं. कधीमधी येते. तिची आई गेल्यावर तू तिला ज्यांच्या घरी ठेवलंस त्या थोरल्या भाईजानांना ठाऊक नाही, सांगू नकोस.

मी बरी आहे. अजून हॉस्पिटलच्या शिवणखोलीतच आहे. तळघरात चार मशीन, त्यातलं एक रुसलेलं. दिवसभर हिरवं कापड. ऑपरेशनच्या चादरीला मधोमध चौकोनी भोक लागतं, त्याच्या कडा दुमडायचं काम माझं. सोळा वर्षांत किती भोकं शिवली असतील, देव जाणे. राहायला घड्याळवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि मशीन, दुसरीत चूल आणि खिडकी.

आता कामाचं. भाईजानांनी भिंगरीचं लग्न ठरवलंय. बारा मार्च. मुलाचं फरशांचं दुकान आहे, घर तीन मजली आहे, प्रत्येक मजल्याची फरशी वेगळी आहे. हे सगळं त्यांनी तुला फोनवर सांगितलं असेलच, आणि तू म्हणाला असशील, "तुम्ही बघाल ते बरोबरच, भाईजान." तू नेहमी हेच म्हणतोस.

एकच विचारते. तू तिला विचारलंस का?

तुझी मुलगी काय करते हे तुला ठाऊक आहे का? "दाताच्या दवाखान्यात आहे" एवढंच ठाऊक असेल. ती कवळ्या बनवते. समोरच्या माणसाच्या जबड्याचा साचा घेतात, त्यावर मेण चढवून ती एकेक दात बसवते. ओठ कसा दुमडतो, हसताना काय दिसतं, सगळा हिशेब डोळ्यांनी. मागच्या महिन्यात एक म्हातारी नवी कवळी लावून आरशात बघत बसली आणि म्हणाली, "अगं, ही तर मीच." भिंगरीने हे मला चारदा सांगितलं. शेवटची परीक्षा जूनमध्ये आहे. ती झाली की तिच्या नावाचा परवाना येतो.

मुलाची आई बघायला आली तेव्हा तिने भिंगरीचे हात पालथे करून पाहिले. बोटांना प्लास्टर लागलेलं होतं. म्हणाली, "हे दुसऱ्यांच्या तोंडातलं काम आता बंद, बरं का." सगळे हसले. भिंगरी हसली नाही, पण ते कुणी पाहिलं नाही.

मी तिच्या डोक्यात काहीही भरवलेलं नाही. तू फक्त फोन कर आणि विचार. बाप आहेस.

आपा

१६ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर मिळालं. तू पाठवलं नाहीस, भाईजान घेऊन आले. म्हणजे पत्र वाचलंस आणि लगेच त्यांना फोन केलास. "सांगू नकोस" लिहिलं होतं ते नेमकं सांगितलंस. लहानपणीही तू असाच होतास.

सतरा वर्षांत भाईजान पहिल्यांदा माझ्या जिन्यावर आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून माझ्या खोलीकडे असं बघत होते, जणू मी ती कुणाची तरी चोरून आणली आहे.

"मध्ये पडू नकोस," म्हणाले.

"बसा ना, भाईजान. चहा टाकते."

"चहा नको. तिच्या वतीने बोलणारा वली तिचा बाप आहे. बापाने हो म्हटलंय. विषय संपला."

"बापाने हो म्हटलं असेल. पण लग्न बापाचं आहे का?"

त्यांचे कान लाल झाले. आठवतात ना त्यांचे कान? आधी कान, मग नाक, मग आवाज. म्हणाले, "एका मुलीने घराचं नाक कापलं तेवढं पुरे. दुसरीला कात्री देऊ नकोस."

मी शिवणारी बाई. कात्रीवरून मला काय काय सुचलं असेल, तूच विचार कर. मी जिन्यातला दिवा लावला. ते खाली उतरले. उतरताना कठड्याला धरावं लागलं त्यांना. गुडघे गेलेत. ते बघून मला वाईट वाटलं, हेही खरं.

आता गेल्या पत्रात मी जे लपवलं ते सांगते, कारण भाईजानांना सगळं कळलंच आहे. भिंगरी कधीमधी येत नाही. सहा वर्षं दर गुरुवारी येते. आणि मी तिच्या डोक्यात काही भरवलं नाही, हेही पूर्ण खरं नाही. तिने मला विचारलं, "फुफी, मी नाही म्हटलं तर चालतं का?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस. ज्यांनी शिकून घेतलंय त्यांना विचारू." आणि मी तिला काझीसाहेबांकडे घेऊन गेले.

तेच काझीसाहेब. आता पंचाहत्तरीला आलेत. मशिदीच्या मागच्या अंगाची ती खोली, दोन कपाटं भरून रजिस्टरं, टेबलावर शिक्के. ऐकायचं यंत्र काढून त्यांनी शिक्क्यांच्या शेजारी ठेवलं होतं. "बॅटरी वाचते," म्हणाले, "आणि निम्म्या तक्रारीही." मग यंत्र कानाला लावलं. "हां. बोल बेटी."

तुझी लेक अजिबात अडखळली नाही. "काझीसाहेब, माझं लग्न ठरलंय. मला करायचं नाही. मी घरात दोनदा सांगितलं. चाचा म्हणतात, लाजते. माझ्याशिवाय निकाह होतो का?"

"नाही होत," ते म्हणाले. इतकं सरळ.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि तिला सांगितलं. पैगंबरांच्या काळात एक मुलगी तक्रार घेऊन गेली होती, की बापाने मला न विचारता माझं लग्न लावलं. त्यांनी निर्णय तिच्या हातात दिला. ठेवायचं तर ठेव, नाही तर नाही. ती म्हणाली, बापाने केलं ते मी मान्य करते; मला फक्त बायकांना कळवायचं होतं की हा अधिकार बापांचा नाही.

भिंगरी एकदम म्हणाली, "मी मान्य करणार नाही. मी तिच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाईन."

काझीसाहेब हसले. दात त्यांचे सगळे खोटे आहेत. भिंगरी नंतर म्हणाली, बसवणाऱ्याने घाई केली आहे.

"पण मुलगी गप्प राहिली तर तो होकार धरतात ना?" मी विचारलं.

"धरतात. लाजरीसाठी ती सवलत आहे. पण गप्प बसणं हा होकार केव्हा? नाही म्हणायला तोंड मोकळं असेल तेव्हा. तोंड दाबून घडवलेली शांतता म्हणजे होकार नव्हे."

मग भिंगरीने जे विचारलं, ते मला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. "तुम्ही तर बाहेर नवऱ्या मुलाजवळ बसता. आत काय झालं ते तुम्हाला कसं कळतं?"

"मुलीचा वकील, म्हणजे तिचा निरोप आणणारा, आणि दोन साक्षीदार आत जाऊन विचारतात. ते येऊन सांगतात, मी लिहितो."

"आणि त्यांनी खोटं सांगितलं तर?"

म्हाताऱ्याने कपाटातल्या रजिस्टरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा निकाह मीच लावला होता ना?"

मी हो म्हटलं आणि उठले. म्हटलं, मशीनवर काम पडलंय.

आपा

२८ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी तीनदा लिहून चुरगाळलं. हे चौथं.

काझीसाहेबांकडून मी पळून आले, कारण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता तर मला तुझं नाव घ्यावं लागलं असतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची ती दुपार. मी बावीसची, तू वीसचा. अम्मीच्या खोलीत मला भिंतीला टेकवून बसवलं होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भाभी. ओढणी इतकी जड की मान आपोआप वाकायची. दोनच दिवस आधी मी अम्मीला सांगितलं होतं, मला हा माणूस नको. अम्मी म्हणाली, "आता पत्रिका वाटून झाल्या." तू तेव्हा दारात चपला घालत होतास. तू ऐकलं होतंस.

दारात तिघे आले. मामू वकील म्हणून, भाईजानांचे मित्र, आणि तू. नवा सदरा होता तुझा, कॉलरला टाचणी राहून गेलेली. मामूंनी विचारलं, "कबूल आहे?" मी बोलले नाही. पुन्हा विचारलं. मी तोंड उघडलं, नाही म्हणायला, आणि मानेवर भाभीचा तळवा आला. जोरात नाही. पीठ मळताना देतो तेवढाच दाब. मान खाली गेली. भाभी म्हणाली, "हो म्हणाली, हो म्हणाली. लाजते." मामू वळले.

तू वळला नाहीस. ओढणीच्या जाळीतून मला तू दिसत होतास आणि तुला मी. दोघांनाही कळलं होतं. मग तूही वळलास, बाहेर जाऊन सही केलीस.

नवरा वाईट नव्हता, असं सगळे म्हणतात. त्याने कधी हात उचलला नाही. कामाला जाताना तो फक्त बाहेरून कुलूप लावायचा. नऊ वर्षं. माझं मशीन त्याने विकलं, कारण कापड द्यायला बायका यायच्या. तेही सोसलं. पण अब्बा गेले तेव्हा मी आतून दार बडवत होते आणि तो संध्याकाळी आला. आला तोवर दफन झालं होतं. अब्बांचा चेहरा मी पाहिला नाही.

त्यानंतर मी काझीसाहेबांसमोर जाऊन खुला, म्हणजे बायकोने मागायचा तलाक, मागितला. निकाहात नवऱ्याकडून मिळालेला मेहर परत केला, तीन बैठका झाल्या, मला सुटका मिळाली. कुणी मेहेरबानी केली नाही. तो माझा हक्कच होता. कागद हातात घेऊन मी घरी आले आणि दार तू उघडलंस. काय म्हणालास ते तुला आठवतं का? मला आठवतं. "तूच हो म्हणाली होतीस, आपा. मी साक्षीदार आहे." आणि दार लावलंस.

सतरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. भिंगरीला नाही, काझीसाहेबांना नाही. तुला लाज वाटू नये म्हणून. बघ, काय वेडेपणा! मान माझी वाकवली आणि लाज मी तुझी सांभाळत बसले.

आता सांभाळणार नाही. मी हो म्हटलं नव्हतं आणि तुला ते ठाऊक आहे. बारा तारखेला तुझ्या मुलीच्या दारात तिघे उभे राहतील. त्यातला एक तुझ्यासारखा असेल. भला, नव्या सदऱ्यातला, भाईजानांना घाबरणारा.

मला उत्तर नकोय. लिहायचं असेल तर काझीसाहेबांना लिही.

आपा

१० मार्च

उत्तर नाही. हॉस्पिटलचा पोस्टमन मला बघून दुरूनच मान हलवतो.

भिंगरीला मी म्हटलं, माझ्याकडे राहायला ये, दार आतून लावू, बघू कोण काय करतं. तर म्हणते कशी, "फुफी, मी निघून आले तर म्हणतील पळाली. मी तिथेच बसून नाही म्हणणार. सगळ्यांसमोर." मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढीशी होती, चिंचोक्यांना दात म्हणायची.

परवा मी जाणार आहे. मला बोलावलेलं नाही.

१३ मार्च

धाकट्या!

पहाटेपासून लिहायला बसलेय आणि हात थांबत नाही. घड्याळवाला खालून विचारतोय, वर काय चाललंय, एवढ्या येरझाऱ्या कसल्या. सगळं नीट क्रमाने सांगते.

मशिदीमागचा हॉल. पुरुष मोठ्या दालनात, बायका बाजूच्या खोलीत, मध्ये दोन पाखांचं लाकडी दार. मी बायकांच्या खोलीत शिरले तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. भाभी उठून आली. आता साठीची आहे, केस मेंदीने तांबडे. मला वाटलं हात धरून बाहेर काढते. तिने हात धरला आणि सोडूनही दिला. मी जाऊन भिंगरीच्या शेजारी बसले. भिंतीच्या आणि तिच्या मध्ये. दुसऱ्या बाजूला भाभी बसली.

भिंगरीने माझा हात धरला तर तिचाच गरम होता. माझा बर्फ.

दार वाजलं. मला वाटलं, तिघे. तिघे होतेच, पण त्यांच्या पुढे काझीसाहेब स्वतः, काखेत रजिस्टर. पाठोपाठ भाईजान, कान आधीच लाल.

"काझीसाहेब, तुमची जागा बाहेर आहे. वकील विचारतील ना."

"आज मी विचारणार आहे."

"हे काय नवीन? चाळीस वर्षांत तुम्ही..."

"चाळीस वर्षं चुकलो असेन तर एकेचाळिसावंही चुकू का?" आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं. तिकिटं बघूनच मी ओळखलं. धाकट्या, मी भिंगरीचा हात आवळला.

"हे मुलीच्या बापाचं पत्र आहे. वली तोच आहे ना? मग वलीचं म्हणणं ऐका." आणि त्यांनी ते वाचलं. यंत्र लावूनही त्यांना स्वतःचा आवाज कमी वाटतो, म्हणून ते ओरडूनच वाचतात. बाहेरच्या दालनात शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं असेल.

तूच लिहिलंयस, तरी मी ते तुला परत लिहून पाठवते, कारण मला ते पुन्हा लिहायचंय. "सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या निकाहाला मी साक्षीदार होतो. तिचा होकार मी ऐकला नाही. ती नाही म्हणत होती, ते मला दिसलं. तरी मी सही केली आणि नंतर तिच्या तोंडावर खोटं बोललो. माझ्या मुलीच्या वतीने मी कुणालाही हो म्हणायचा अधिकार देत नाही. तिला विचारा. ती म्हणेल ते माझं म्हणणं."

मी ओढणी तोंडात कोंबली होती. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला रडू येईल. तसं झालं नाही. इतक्या वर्षांनी पाठीचा कणा जागेवर बसल्यासारखं झालं. मी मान वर करून बसले. उगाच नाही, मुद्दाम.

काझीसाहेबांनी दोन बायका सोडून सगळ्यांना दारापासून मागे जायला सांगितलं. दोन म्हणजे मी आणि भाभी, कारण भाभी उठलीच नाही. मग त्यांनी मुलाचं नाव घेतलं, मेहर सांगितला आणि विचारलं, "बेटी, कबूल आहे?"

त्या क्षणी माझं लक्ष भिंगरीकडे नव्हतं. भाभीच्या हाताकडे होतं. तो उचलला गेला. खरंच सांगते, उचलला गेला, सवयीने. मी बघत होते आणि तिने बघितलं की मी बघतेय. हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"नाही," भिंगरी म्हणाली.

"माझा कान बरा नाही. मोठ्याने सांग."

"नाही. कबूल नाही!"

"तिसऱ्यांदा विचारतो. कुणाच्या धाकाने बोलतेस का?"

"धाक होता तो हो म्हणायचा होता, काझीसाहेब. नाही मी माझ्या मनाने म्हणतेय."

त्यांनी रजिस्टर मिटलं. फट्‌ असा आवाज झाला. बस्स.

मग जो गोंधळ झाला तो तू कल्पनेने बघ. भाईजान म्हणाले, मी तोंड कुठे दाखवू. मुलाची आई म्हणाली, आमच्यात असं होत नाही. काझीसाहेब म्हणाले, "तुमच्यात व्हायला हवं होतं, बाई." आणि मग तो मुलगा दारापर्यंत आला. पहिल्यांदाच पाहिला मी त्याला. गुबगुबीत, घामाघूम. मला वाटलं, हा आता आरडाओरडा करणार. तो भाईजानांना म्हणाला, "तुम्ही मला सांगितलं होतं ती खुशीने तयार आहे." भाईजान टोपी नीट करू लागले. "मला नको असलेली बायको... म्हणजे मी नको असलेली बायको..." गोंधळला बिचारा. शेवटी म्हणाला, "अम्मी, चल घरी." जाताना भिंगरीला म्हणाला, "आधी कळलं असतं तर मीच थांबवलं असतं." ती म्हणाली, "मला तुमचा नंबर कुणी दिला नाही." दोघेही जवळजवळ हसले. भला मुलगा आहे. त्याला आवडणारी मिळो.

भिंगरी माझ्याकडे आहे. आत्ता झोपलीय, दुपट्टा न काढताच. काल घरी येताना भर रस्त्यात ती थांबली आणि ओरडली, "फुफी, मी बोलले!" एक सायकलवाला दचकून पडता पडता वाचला.

तिला फोन कर. जून महिन्यात परीक्षा आहे, मधल्या काळात तिला रडवू नकोस.

आपा

(तुझ्या पत्राबद्दल मी काही लिहिलं नाही असं तुला वाटेल. वर वाच. सगळं तेच आहे.)

२१ सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या दर शुक्रवारच्या फोनमुळे पत्राला विषय उरत नाहीत, पण काही गोष्टी फोनवर सांगण्यासारख्या नसतात. शिवाय तू मध्येच "हं, हं" करतोस.

परवाना भिंगरीने चौकट करून लावलाय, घड्याळवाल्याच्या भिंतीवर, कारण माझ्या भिंतीला ओल आहे. त्यावर तिचं पूर्ण नाव आहे, आणि पुढे तुझं. कवळ्यांच्या प्रयोगशाळेत तिला स्वतःचं टेबल मिळालं. पहिलं गिऱ्हाईक कोण, ओळख. काझीसाहेब! "घाईत बसवलेले" ते दात तिने काढून टाकले. आता ते शब्द नीट उच्चारतात आणि खुतब्याचं प्रवचन आणखी लांबतं, त्यावरून लोक भिंगरीला बोल लावतात.

काझीसाहेबांनी नवा नियम काढलाय. मुलीला तेच विचारतात, स्वतः, नातेवाइकांना दारापासून लांब करून. ऑगस्टपर्यंत अकरा निकाह झाले. दहा जणींनी हो म्हटलं. त्यातल्या एकीने इतक्या जोरात म्हटलं की बाहेर नवरा मुलगा लाजला. अकरावीने अटी घातल्या: शिकणार, आणि नांदवलं नाही तर स्वतःहून सुटायचा अधिकार मला हवा. नवऱ्या मुलाने विचार करायला वेळ मागितला, आठ दिवसांनी येऊन सही केली. अटी निकाहनाम्यात लिहिल्या गेल्या. लिहिता येतात, धाकट्या! जागा त्या कागदात पहिल्यापासून होती. सगळे रिकामी सोडून पुढे जायचे.

आणि दर शनिवारी दुपारी त्याच बाजूच्या खोलीत बायका जमतात. सुरुवात सात जणींची, आता तिसाच्या वर. एक वकीलबाई येते, काझीसाहेब येतात, आणि मी पाणी भरून ठेवते, खुर्च्या मांडते आणि मध्येच तोंड घालते. कुणी विचारतं मेहर नवऱ्याने परत मागितला तर काय, कुणी विचारतं कमाई माझी का घराची. काझीसाहेब सांगतात, तुझी. बायका एकमेकींकडे बघतात.

गेल्या शनिवारी मी पाठमोरी पाणी भरत होते, एकीने मला कोपराने ढोसलं. वळून पाहिलं तर दारात भाभी.

मार्चपासून त्या घरातून माझ्याशी कुणी बोललेलं नाही. भाईजान मला बघून रस्ता ओलांडतात, गुडघे दुखत असूनही. मला वाटलं, भांडायला आली. ती सरळ शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तास संपत आला. काझीसाहेबांनी विचारलं, आणखी कुणाला काही?

तिने हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"माझे अब्बा चार वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली. "मागे घर आहे. दोन भाऊ आहेत. मला कुणी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. त्यात माझं काही असतं का?"

"असतं," काझीसाहेब म्हणाले. "भावाला जेवढं, त्याच्या निम्मं. पण असतंच. कुणी काढून घेऊ शकत नाही."

"निम्मं का?" मागून कुणीतरी म्हणालं.

भाभीने मागे वळून बघितलंही नाही. "ते नंतर भांडू," ती म्हणाली. "आधी आहे ते तर घेऊ." खोलीत असा हशा पिकला की मशिदीतला झाडूवाला बघायला आला. आणि ती, जी कधी हसत नाही, तीही हसली, तोंडावर हात न ठेवता.

सगळ्या गेल्यावर ती थांबून राहिली. खुर्च्या उचलायला लागली माझ्याबरोबर. चार-पाच रचून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या मानेवर हात मी ठेवला होता."

"ठाऊक आहे, भाभी."

"माझ्या मानेवर माझ्या चाचीने ठेवला होता." आणि पुढची खुर्ची उचलली.

तिला माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुलाही केलं का, तेही विचारू नकोस. डिसेंबरात येशील तेव्हा बघू. जिना अरुंद आहे, सामान कमी आण.

आता थांबते. खाली भाभी गाडीत बसून आहे, भिंगरीने वकीलबाईंकडून लिहून आणलेला कागद तिच्या पर्समध्ये आहे. आम्ही तिघी तिच्या भावांकडे निघालो आहोत. ती म्हणते, दारात मी उभी राहते, पण पहिलं वाक्य तू बोल. मी म्हटलं, मुळीच नाही. पहिलं वाक्य तुझंच, भाभी. आम्ही साक्षीदार.

हॉर्न वाजवतेय बघ. साठ वर्षांची बाई, एवढी घाई!

आपा